न वाचता दिलेली दाद

३ मार्च, मंगळवार

तीनशे बारा!

काल टाकलेला लेख आज सकाळपर्यंत तीनशे बारा जणांनी वाचला. ब्रश तोंडात धरून फोन बघत होते, पेस्टचा ओघळ थेट गाउनवर. वन्सं म्हणाल्या, "दिवसभर लोकांचे डाग काढतेस आणि घरी स्वतः पाडतेस." बोलू देत. मागच्या वर्षी या दिवसांत मला चार वाचक होते. त्यातल्या दोन वन्संच होत्या — एकदा त्यांच्या फोनवरून, एकदा माझ्या.

आणि मी कोण? ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर बसणारी बाई. कपडा मशीनमध्ये जाण्याआधी त्याचे खिसे उलटे करून बघायचे, सापडेल ते पाकिटात घालून बिलाला टाचायचं, हे माझं काम. त्या सापडलेल्या वस्तूंवर मी लिहिते, माणूस ओळखू येणार नाही इतकं बदलून. ब्लॉगचं नाव 'खिशातलं'. मालकांना ठाऊक आहे. म्हणाले, "दुकानाचं नाव तेवढं नका टाकू."

दुकानात इस्त्रीवाल्यालाही आकडा सांगितला. तो "बरं" म्हणाला. इस्त्री काही थांबवली नाही.

५ मार्च, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत सतरंजीवर, म्हणजे आम्हा ब्लॉगवाल्यांच्या सामायिक साइटवर, नवा लेख मांडला. आधी तीन प्रतिक्रिया देऊन टाकल्या. दीड मिनिट लागलं.

हे फक्त या वहीत लिहू शकते.

सतरंजीचा नियम असा आहे: आपला एक लेख मांडायचा तर आधी दुसऱ्यांचे तीन वाचायचे, तिघांनाही दोन शब्द लिहायचे. त्याशिवाय आपला लेख पहिल्या पानावर येत नाही. नियम चांगला आहे. आम्हा लोकांना नाहीतर कोण विचारणार? एक दाताच्या दवाखान्यातली नर्स आहे, एक ट्रक चालवणारे आहेत, एक घरी बसून गाद्या शिवतात. सगळेच लिहिणारे आणि सगळेच एकमेकांचे वाचक. शिवाय दर गुरुवारी मुकादम — म्हणजे सतरंजी सांभाळणारे, मूळचे छापखान्यातले प्रुफं तपासणारे — कुणाचा तरी एक लेख मधोमध ठेवतात. तो आठवडाभर सगळ्यांना दिसतो.

पहिले दोन-तीन महिने मी खरंच वाचायचे. मग हिशेब सुचला. तीन लेख वाचायचे म्हणजे पाऊण तास. पाऊण तासात माझा अर्धा लेख होतो. मग बारा वाक्यं तयार केली. फोनमध्ये त्यांना मी 'डबा' म्हणते. 'खूप सुंदर लिहिलंय.' 'अगदी डोळ्यांसमोर उभं राहिलं.' 'शेवट चटका लावून गेला.' 'छान माहिती, असंच लिहीत राहा.' 'पुढच्या भागाची वाट पाहतेय.' ओळीने एकेक चिकटवायचं. बारा संपली की पुन्हा पहिलं. कुणाला संशय आलेला नाही. उलट लोक आभार मानतात.

त्यात वाईट काय? त्यांना बरं वाटतं, माझं काम होतं. असं मी स्वतःला सांगते आणि डबा उघडताना काउंटरखाली फोन धरते. समोर कुणी नसलं तरी.

९ मार्च, सोमवार

घाईवाले येऊन गेले. दोन महिन्यांनी एकदा तपकिरी कोट आणतात, गाडी चालू ठेवूनच आत येतात, बिल होईपर्यंतही थांबत नाहीत. दारातून ओरडतात, "खिसे बघून घ्या हं!" आणि गेलेच.

त्या कोटावरच मी पहिला लेख लिहिला होता. आतला खिसा कधीतरी फाटलेला, हिरव्या दोऱ्याने शिवलेला, आणि टाका उलटा पडलेला. आत एक सुटं बटण. मी लिहिलं की बायको माहेरी गेलेली असताना नवऱ्याने हा खिसा स्वतः शिवला असणार, मिळेल त्या दोऱ्याने. तेव्हापासून त्या खिशात दर खेपेला काहीतरी असतं. एकदा बसच्या तिकिटाची होडी. एकदा मोजायच्या टेपचा बारा आकड्याशी कापलेला तुकडा. आज काड्यापेटी — आत काड्या नाहीत, पिवळ्या दोऱ्याची गुंडाळी. कोटाच्या लेखांनाच सगळ्यात जास्त वाचक मिळतात.

पाकिटात घालून बिलाला टाचली. लेख डोक्यात तयार आहे.

१२ मार्च, गुरुवार

मुकादमांचं पत्र! 'आपण वर्षभरात चारांवरून तीनशेवर गेलात. नव्याने आलेल्यांचा धीर सुटतो, चार लेख लिहून निघून जातात. त्यांच्यासाठी आपण लिहावं — मला वाचक कसे मिळाले. महिनाअखेरपर्यंत द्या, मधोमध ठेवतो.'

मधोमध! मी!

वन्संना वाचून दाखवलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "मग सांग की. कसे मिळाले?"

"चांगलं लिहिते म्हणून."

"हं," म्हणाल्या. वन्संच्या 'हं'मध्ये जागा फार असते.

१४ मार्च, शनिवार

दोन पानं झाली. नियमित लिहा. निरीक्षण ठेवा. लहान वस्तूकडे बघायला शिका. इतरांचं मनापासून वाचा — हे वाक्यही लिहिलं. हात अडखळला नाही, हे आत्ता लक्षात येतंय.

उद्या रविवार. ब्लॉगच्या आकड्यांचं पान उघडून वाचक नेमके कधी वाढले ते बघते. आकडे घातले की लेखाला वजन येतं.

१५ मार्च, रविवार

बघितलं. बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

आकड्यांच्या पानावर खाली एक रकाना असतो: वाचक कुठून आले. मी तो कधी उघडलाच नव्हता. किती आले एवढंच मला पुरायचं. आज उघडला. गेल्या जूनमध्ये एका आठवड्यात चारांचे एकशे चाळीस झाले. त्यातले जवळजवळ सगळे एकाच पानावरून आले होते. 'उसवलेलं' या ब्लॉगवरून.

'उसवलेलं' म्हणजे सुईदोराचा ब्लॉग. ती रफूचं, कपडे दुरुस्तीचं काम करते. खरं नाव माहीत नाही. माझ्या प्रत्येक लेखाखाली तिची प्रतिक्रिया असायची, दहा-दहा ओळींची. पहिल्या कोटाच्या लेखाखाली तिने लिहिलं होतं: 'टाका उलटा पडलाय हे तुम्ही पाहिलंत. पंधरा वर्षं सुई धरतेय, इतकं कुणी बघत नाही. एक सांगू? पुरुषाचा टाका असा नसतो.' मी हसले होते. तिला कधी दोन ओळींचं धड उत्तर लिहिलं नाही.

ते जूनमधलं पान उघडलं. लेखाचं नाव 'खिसे वाचणारी'. तो माझ्यावर होता. 'या बाईंना चार वाचक आहेत, मी पाचवी. त्या दुसऱ्याच्या खिशात हात घालतात, पण माणसाला उघडं पाडत नाहीत. बघून झालं की खिसा पुन्हा नीट आत ढकलतात. जा आणि वाचा. घाईत असाल तर जाऊ नका.' पुढे माझ्या प्रत्येक लेखाबद्दल तिने एकेक ओळ लिहिली होती. तेव्हा माझे नऊच लेख होते. नऊच्या नऊ. मुकादमांनी तो लेख मधोमध ठेवला होता, म्हणून सगळी सतरंजी माझ्याकडे वळली.

खाली सव्वीस प्रतिक्रिया. दुसरी माझी.

'छान माहिती, असंच लिहीत राहा.'

१६ मार्च, सोमवार

आज लिहिण्यासारखं काही नाही. लाज वाटते.

१७ मार्च, मंगळवार

दुकानात एका शर्टावर दुसऱ्याचाच टॅग लावला. इस्त्रीवाल्याच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. "तब्येत बरी नाही का?" त्याने विचारलं. आज मात्र इस्त्री थांबवून विचारलं. मी म्हटलं, डोकं दुखतंय. डोकं मुळीच दुखत नव्हतं.

संध्याकाळी 'उसवलेलं' पहिल्यापासून वाचायला घेतलं. चोवीस लेख आहेत. आज सात झाले. प्रत्येकाखाली मी आहे. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर, हजेरी लावल्यासारखी.

आणि ती काय लिहिते! एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाबद्दल आहे. दरवर्षी तीच पँट कमरेत आणखी एक बोट आत घ्यायला आणतो. 'मी टेप लावते तेव्हा तो पोट फुगवतो. मीही मग टेप सैल धरते.' मी दुकानातल्या माणसांबद्दल इतकं बरं कधी लिहिलेलं नाही. त्याखाली मी डब्यातलं सहावं वाक्य टाकलंय: 'मस्त, मजा आली!' तो म्हातारा शेवटच्या ओळीत पँट न्यायला आलेलाच नाही.

१९ मार्च, गुरुवार

सगळे वाचून झाले. आता लिहिते, नाहीतर उद्या धीर होणार नाही.

एकोणिसावा लेख: सुईत दोरा ओवता येईना म्हणून ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, मधली नजर जाणार, कडेची राहील. 'आता माणसाच्या तोंडाकडे पाहिलं की त्याचे कान दिसतात,' असं तिने लिहिलंय.

खाली मी. 'अगदी डोळ्यांसमोर उभं राहिलं.'

चोविसावा, या जानेवारीतला. 'हा माझा शेवटचा लेख. काम थांबवलं. आता पडद्यावरची अक्षरं मोठी करूनही लागत नाहीत. घरातले एक लेख वाचून दाखवतात, तेवढाच. त्यांना सतत घाई, स्वल्पविराम गिळतात. म्हणून एकच ब्लॉग निवडलाय आणि तेवढाच वाचून घेते. कुठला ते सांगत नाही. सतरंजीवर मला जे वाचक मिळाले त्यांना नमस्कार.'

खाली लोकांनी किती किती लिहिलंय. ट्रकवाल्यांनी तर पानभर. आणि त्यांच्यावर, सगळ्यात आधी, लेख टाकल्यावर दोनच मिनिटांत:

'पुढच्या भागाची वाट पाहतेय.'

माझ्या आधीच्या प्रत्येक प्रतिक्रियेला तिचं 'आभारी आहे' असायचं. याखाली काही नाही.

शाळेत असताना एकदा चोरी पकडली गेली होती. खडूची. तेव्हा बाई ओरडल्या, चार पट्ट्या मारल्या आणि संपलं. इथे कुणी ओरडतही नाही.

२० मार्च, शुक्रवार

प्रतिक्रिया पुसता येतात का बघितलं. सतरंजीवर चोवीस तासांनंतर पुसता येत नाहीत.

आधी पुसायचंच सुचलं. माफी मागायचं नंतर. हेही लिहून ठेवते.

२२ मार्च, रविवार

तिला पत्र लिहायला बसले. पहिलं वाक्य झालं: 'तुमचे सगळे लेख वाचले, फार सुंदर लिहिता.' हे तर डब्यातलंच! खोडलं. 'मनापासून क्षमा मागते.' हेही कुणालाही चिकटवता येईल असंच. तासाभरात सहा कागद फुकट. माझ्याकडे खरं बोलायला वेगळे शब्दच उरले नाहीत.

वन्सं शेजारी येऊन बसल्या. विचारलं नाही. मीच सांगून टाकलं — डबा, बारा वाक्यं, डोळे, शेवटचा लेख, सगळं. सांगताना त्यांच्याकडे बघता येईना. टेबलावरचं प्लास्टिक नखाने खरवडत होते.

त्या म्हणाल्या, "अनोळखी माणसाच्या खिशातली चिठोरीसुद्धा तू दोनदा उलटून बघतेस. आणि त्या बाईने चोवीस वेळा हातात आणून दिलं, तर घडीही मोडली नाहीस."

मग उठून गेल्या. दारातून वळल्या. "माझ्या फोनवरून मी तुझं वाचते ना वहिनी, ते खरंच वाचते हं. तेवढं मनातून काढून टाक."

मला रडू आलं. बऱ्याच दिवसांनी.

२४ मार्च, मंगळवार

पत्राचा उपयोग काय, हे आज कपडे मोजताना सुचलं. ती वाचू शकत नाही. घरातले तिला एकच ब्लॉग वाचून दाखवतात, आणि तो माझा असेल असं मानायचीही मला लाज वाटते. पण नसेल असंही म्हणवत नाही. जानेवारीनंतर तिची प्रतिक्रिया नाही. ती ऐकत असेल तर माझा ब्लॉग ही एकच वाट उरते.

म्हणजे सगळ्यांसमोर.

मुकादमांना कळवलं, लेख देते, पण तुम्हाला हवा तो नाही. थोडक्यात सगळं सांगितलं. म्हटलं, मला सतरंजीवरून काढा, हरकत नाही.

२६ मार्च, गुरुवार

मुकादमांचं उत्तर. तीन वेळा वाचलं.

'मला ठाऊक होतं. प्रतिक्रियेची वेळ मला दिसते. तीन लेख दीड मिनिटात छापखान्यातलं मशीनही वाचत नाही. आपण एकट्या नाही, निम्मी सतरंजी असंच करते. नियम मीच केला, म्हणून दोष माझाही. बंद करावा असं बरेचदा मनात येतं. पण नियमापोटी वाचायला गेलेला एखादा खरोखर वाचू लागतो. सुईदोरा आपल्याकडे पहिल्यांदा आल्या त्या तीनातला एक लेख म्हणूनच. त्या तिथे थांबल्या. तेवढ्यासाठी नियम ठेवलाय. लेख पाठवा.'

म्हणजे तीही नियमापोटीच आली होती. तिलाही पाऊण तास लागत होता. तिलाही सुया, गिऱ्हाइकं, अंधूक होत चाललेली नजर होती. कसं म्हणू की मला वेळ नव्हता?

२८ मार्च, शनिवार

टाकला. आधीची दोन पानं फाडली. नाव: 'मला वाचक कसे मिळाले'. पहिली ओळ: 'एका बाईने माझे नऊच्या नऊ लेख वाचले आणि लोकांना सांगितलं. मी तिचे चोवीसपैकी एकही न वाचता चोवीस वेळा दाद दिली.' डब्यातली बाराही वाक्यं छापली, ज्यांना मिळाली त्यांना ओळखू यावीत म्हणून. मग तिच्या प्रत्येक लेखाबद्दल एकेक ओळ. तिने माझ्यासाठी केलं होतं तसं. चार दिवस त्यातच गेले. म्हाताऱ्याच्या पँटची ओळ चारदा लिहिली.

स्वल्पविराम कमी ठेवलेत. गिळायला काही उरू नये म्हणून.

बटण दाबून फोन डब्यात ठेवला. खऱ्या डब्यात, तांदळाच्या.

३० मार्च, सोमवार

पहिली प्रतिक्रिया एका नव्या मुलीची. कालच सतरंजीवर आलीय.

'छान माहिती, असंच लिहीत राहा.'

काउंटरवर बसून इतकी हसले की मालक बाहेर आले. तिला तीन पुरे करायचे असणार.

१ एप्रिल, बुधवार

बाकीचेही आले. गादीवाले: 'माझ्याकडे तुमची अकरा वाक्यं आहेत. बारावं कुठे गेलं?' हे गमतीने असावं. नर्स गमतीत नव्हती. 'वडील गेले त्यावर मी लिहिलं होतं. शेवट चटका लावून गेला, असं तुम्ही म्हणालात. ती ओळ मी आईला वाचून दाखवली. आईला बरं वाटलं होतं. आता मी तिला काय सांगू?'

काय सांगणार? मी तो लेख शोधून काढला, वाचला, आणि तिला लिहिलं की आज वाचला. वडील इंजेक्शनला घाबरायचे आणि मुलीने दिलं तरच टोचून घ्यायचे, ते आता विसरणार नाही. आईंना काय सांगायचं ते माहीत नाही, असंही लिहिलं. उत्तर आलेलं नाही. यावं अशी अपेक्षाही नाही.

२ एप्रिल, गुरुवार

लेख मधोमध आहे. अकराशे वाचक.

एवढे मला कधीच मिळाले नव्हते. आकडा बघितल्यावर पहिल्या क्षणी काय वाटलं ते लिहायलाच हवं — आनंद झाला. अगदी त्या तीनशे बाराच्या वेळचाच. मग स्वतःची किळस आली. स्वतःचा खोटेपणा सांगूनही मी गर्दीच जमवली. आणि त्या अकराशेमध्ये जिच्यासाठी लिहिलं ती आहे की नाही, हे कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

५ एप्रिल, रविवार

डबा फोनमधून पुसला. आज तीन लेख वाचले. सव्वा तास लागला. एक अगदीच कंटाळवाणा होता. त्याला तसं लिहायचा धीर झाला नाही. पण त्यातली विहीर उपसायची गोष्ट चांगली होती, ती अजून लांबवा एवढं लिहिलं. त्यांचं उत्तर लगेच आलं: 'तुम्ही शेवटपर्यंत गेलात?' त्यांना नवल वाटलं होतं.

तिच्याकडून काही नाही.

८ एप्रिल, बुधवार

काही नाही. वन्सं विचारत नाहीत. मीच रोज नाही म्हणून सांगते.

११ एप्रिल, शनिवार

घाईवाले आले. एरवी दोन महिन्यांनी येतात, आज महिन्यातच. कोट स्वच्छ होता, डाग एकही नाही. मी म्हटलं, हा धुवायची गरज नाही. ते म्हणाले, "मला नका सांगू. तिने पाठवलाय. खिसे बघून घ्या म्हणाली, दर वेळेसारखे." आणि या खेपेला लगेच पळाले नाहीत. दारात क्षणभर थांबले. म्हणाले, "स्वल्पविराम कमी होते, बरं झालं." मग गेले.

हिरव्या दोऱ्याचा आतला खिसा. आत घडी केलेला कागद. जाड काळ्या पेनने, चार-चार बोटं उंच, ओळीवर ओळ चढलेली अक्षरं:

'पुरुषाचा टाका असा नसतो, सांगितलं होतं. पुढच्या भागाची वाट पाहतेय.'

बिलावर पत्ता आहे. पहिल्यापासून होता. कोट मी स्वतःच पोचवायला निघालेय.